दूरच्या तज्ज्ञाला केस सांगताना नेमकं काय पाठवायचं?

पहिलीघंटा

हा धागा फक्त डॉक्टर ते डॉक्टर सल्ल्यापुरता आहे. रुग्णाने घरून व्हिडिओ कॉलवर डॉक्टर गाठणं हा वेगळा विषय, तो इथे नको.

परिस्थिती सगळ्यांच्या ओळखीची आहे. रुग्ण एका ठिकाणी, तज्ज्ञ दुसरीकडे आणि मध्ये फोन. हात एकाचे, अनुभव दुसऱ्याचा. माझं ठाम मत असं की असा सल्ला फसतो तेव्हा तज्ज्ञाचं ज्ञान क्वचितच कमी पडलेलं असतं. तज्ज्ञ बोलायला लागण्याआधीच गाडी रुळावरून घसरलेली असते. ईसीजीचा फोटो येतो आणि खाली एवढंच, 'सर, जरा बघा ना'. वय नाही, वेळ नाही, रक्तदाब नाही, आणि मुख्य म्हणजे प्रश्नच नाही.

पहिलं वाक्य साधारण असं असावं: '५८ वर्षांचे पुरुष, ४० मिनिटांपासून छातीत दुखतंय, खालच्या भिंतीच्या लीड्समध्ये एसटी उंचावलाय असं वाटतं, रक्तदाब १००/६०, थ्रोम्बोलिसिस सुरू करू का, उत्तर आत्ता हवंय.' वय, त्रास, निष्कर्ष, प्रश्न आणि घाई किती, हे सगळं वीस सेकंदांत बसतं. (लीड म्हणजे ईसीजीतली एका कोनातली नोंद, एसटी हा त्या आलेखाचा एक भाग, थ्रोम्बोलिसिस म्हणजे औषधाने गुठळी विरघळवणं.)

विचारायचं हे आहे: तुमच्या शाखेत किमान काय पाठवलंच पाहिजे? फोन, मेसेज, व्हिडिओ यांपैकी काय कधी? आणि दिलेला सल्ला कागदावर कोणी उतरवायचा?

रातपाळी

धागा काढल्याबद्दल आभार. एसबार सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं: सद्यस्थिती, पार्श्वभूमी, आकलन, शिफारस. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून रुग्णालयांत आली. पहिले दोन भाग सगळे सांगतात. अडतं ते शेवटच्या दोनांवर. 'मला हे अमुक वाटतंय आणि मी तमुक करायच्या विचारात आहे' असं म्हणायला कनिष्ठ डॉक्टर कचरतात. चुकलं तर काय, ही भीती. पण आकलन चुकीचं असलं तरी ते सांगायलाच हवं, कारण समोरच्याला त्यातूनच कळतं की तुमचं लक्ष कुठे आहे आणि कुठे नाही.

स्पंदन

ईसीजीबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त फोटो त्याचेच फिरतात.

पूर्ण १२ लीड एका चौकटीत हवेत. कागद सपाट ठेवा, फोन वरून सरळ धरा, तिरका नको, फ्लॅश बंद. डावीकडची कॅलिब्रेशनची खूण फोटोत आलीच पाहिजे. २५ मिलिमीटर प्रति सेकंद आणि १० मिलिमीटर प्रति मिलिव्होल्ट हे नेहमीचं प्रमाण. कोणी उंचीचं प्रमाण १० ऐवजी ५ वर ठेवून काढलेला असला तर एसटीची उंची निम्मी दिसते, आणि खूण कापली गेली असेल तर समोरच्याला ते कळायला मार्गच उरत नाही.

पाठवण्याआधी लीड एकमध्ये पी, क्यूआरएस आणि टी या तिन्ही लहरी उलट्या आणि एव्हीआर हा लीड सरळ दिसतोय का ते पाहा. तसं असेल तर बहुतेक वेळा उजव्या-डाव्या हाताच्या वायरी अदलाबदल झाल्यात. वायरी नीट लावून परत काढा, मगच पाठवा. छातीवरचे व्ही१ आणि व्ही२ लीड चौथ्या बरगडी-फटीत असतात. घाईत ते दुसऱ्या-तिसऱ्या फटीत लागतात आणि मग नसलेला आजार दिसू लागतो.

खालच्या भिंतीचा झटका वाटत असेल तर व्ही४आर (छातीच्या उजव्या बाजूचा लीड) न काढता फोन करू नका. डावीकडच्या व्ही४ ची जागा जिथे, तिचीच आरशातली जागा उजवीकडे: पाचवी फट, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यरेषेत. मशीन त्यावरही 'व्ही४' असंच छापतं, म्हणून पेनने 'उजवी बाजू' लिहा. हे नायट्रेट (रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध) देण्याआधी. उजव्या कप्प्याचा झटका असेल तर नायट्रेटने रक्तदाब धाडकन खाली येतो. पहिलीघंटाच्या उदाहरणात रक्तदाब १००/६० आहे, तिथे माझा पहिला प्रश्न हाच असेल.

जुना ईसीजी असेल तर तोही जोडा. शेजारी जुना असला की निम्मे वाद मिटतात.

क्षकिरण

स्पंदन, एक भर. ईसीजीवर वेळ हाताने लिहा. मशीनचं घड्याळ बरेचदा चुकीचं असतं.

स्पंदन

अगदी खरं. आणि लिहिताना 'दुखत असताना' की 'दुखणं थांबल्यावर' हेही.

सहज आठवलं म्हणून: लायडनमध्ये विलेम आइन्थोवन यांनी १९०५ साली रुग्णालयातल्या रुग्णाचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटर लांबच्या आपल्या प्रयोगशाळेत आणला होता. यंत्र इतकं अवजड की ते हलवता येत नव्हतं, म्हणून त्यांनी रुग्णाच्या हृदयाचे संकेतच यंत्राकडे आणले. दूरस्थ सल्ला काही आजकालचा नाही.

क्षकिरण

आता सीटीबद्दल. लाइटबॉक्सवर लावलेल्या फिल्मचा फोटो म्हणजे आधीच कोणीतरी निवडलेली एकच विंडो, करड्या छटांचा एक ठरावीक पट्टा. मूळ प्रतिमेत करड्या रंगाच्या हजारो पायऱ्या असतात, फोनच्या फोटोत जेमतेम २५६, आणि मेसेजमधून जाताना त्यातल्याही काही गळतात. मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागात हाउन्सफील्डच्या मापाने (सीटीत घनता मोजायचं माप) फरकच थोडा. स्ट्रोकच्या पहिल्या तासांतला बदल त्या थोडक्या फरकातच लपलेला असतो.

म्हणून डायकॉम फाइल, म्हणजे स्कॅनची मूळ फाइल पाठवा, तज्ज्ञ स्वतः विंडो बदलेल. मेंदूसाठी रुंदी ८०, पातळी ४०. कवटीलगतचा पातळ रक्तस्राव त्यात हाडाच्या पांढऱ्यात मिसळून जातो, तो पाहायला रुंदी २०० च्या आसपास न्यावी लागते. फोटोवर हे करताच येत नाही.

छातीच्या एक्स-रेला एपी (किरण पुढून मागे) की पीए (मागून पुढे) ते लिहा. पलंगावर काढलेल्या एपीमध्ये हृदय मोठंच दिसतं. आणि डावी-उजवी बाजू सांगणारं अक्षर फोटोत कापू नका.

तातडी

तत्त्व म्हणून सगळं मान्य, पण रात्री दोन वाजता अडीचशे-तीनशे स्लाइसचा अभ्यास चढवायला वीस-पंचवीस मिनिटं लागत असतील तर तेवढा वेळ थांबायचं का? माझ्या मते नाही. मॉनिटरसमोर फोन स्थिर टेकवा, खोलीतले दिवे बंद करा, आणि स्लाइस खालून वर सावकाश सरकवत व्हिडिओ घ्या. एकदा मेंदूच्या विंडोत, एकदा रुंद विंडोत, एकदा हाडाच्या. तिन्ही मिळून दीड-दोन मिनिटांचं काम. मोठा रक्तस्राव आहे की नाही हे त्यावर कळतं. डायकॉम मागून येऊ दे.

क्षकिरण

चालेल, पण दोन अटींवर. तज्ज्ञाने 'व्हिडिओवरून प्राथमिक मत' असं लिहून द्यावं, आणि पूर्ण फाइल आल्यावर पुन्हा पाहिल्याची वेळही नोंदवावी. प्राथमिक मत अंतिम समजून केसपेपरवर चिकटून बसलं की पुढची पाळी त्यावरच चालते. धोका तिथे आहे.

अर्धांग

स्ट्रोकसाठी व्हिडिओला पर्याय नाही. स्ट्रोकची तीव्रता मोजणारं एनआयएचएसएस गुणांकन ० ते ४२ चं. नजर एका बाजूला वळली आहे का, हात खाली येतो का, बोलणं अडखळतंय का, हे फोनवर ऐकून नीट जमत नाही. कॅमेरा पलंगाच्या पायथ्याशी, दोन्ही हात एकाच चौकटीत दिसतील असा. चेहऱ्यासाठी जवळ आणा, प्रकाश रुग्णाच्या तोंडावर हवा, पाठीमागून नको.

पण कॅमेरा लावण्याआधी पाच गोष्टी हातात हव्यात: रुग्णाला शेवटचं ठणठणीत कोणी आणि किती वाजता पाहिलं, ग्लुकोज, रक्तदाब, वजन, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर त्याच्या शेवटच्या डोसची वेळ. 'सकाळी सहाला उठल्यावर लक्षात आलं' याचा अर्थ सुरुवात सहाला झाली असा नाही. रात्री दहाला झोपताना ठीक होते, तर घड्याळ दहापासून धावतंय. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची नेहमीची साडेचार तासांची मर्यादा तिथून मोजायची. त्यापुढे प्रगत इमेजिंगवर काही रुग्ण निवडता येतात, तो निर्णय तज्ज्ञाचा.

हे औषध म्हणजे आल्टेप्लेज ०.९ मिलिग्राम प्रति किलो, कमाल ९०. ७० किलोला ६३ मिलिग्राम: ६.३ एका मिनिटात बोलस (सुरुवातीचा एकदम द्यायचा भाग), उरलेलं ५६.७ साठ मिनिटांत. सुरू करण्याआधी रक्तदाब १८५/११० च्या खाली, नंतरचे २४ तास १८०/१०५ च्या खाली.

फोनवर औषधांची लघुनावं वापरूच नका. टीपीए (आल्टेप्लेज) आणि टीएनके (टेनेक्टेप्लेज) यांची गफलत जीवघेणी आहे. त्यात टेनेक्टेप्लेज हृदयाच्या झटक्याला वजनानुसार ३० ते ५० मिलिग्राम असतं आणि स्ट्रोकला ०.२५ मिलिग्राम प्रति किलो, कमाल २५. औषध एकच, पण स्ट्रोकच्या रुग्णाला हृदयाचा डोस गेला तर दुप्पट जातो. पूर्ण नाव, आजार, वजन आणि एकूण मिलिग्राम, चारही मोठ्याने म्हणा.

रातपाळी

+१. आकड्यांचंही तसंच. खराब लाइनवर 'सतरा' आणि 'सत्तर', 'साठ' आणि 'आठ' सारखेच ऐकू येतात. 'एक-सात', 'सात-शून्य' असे सुटे अंक सांगा. दीड, अडीच, सव्वा हे शब्द डोससाठी टाळा, 'एक पॉइंट पाच' म्हणा. ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं आणि सांगणाऱ्याने 'बरोबर' म्हणायचं. हा शेवटचा 'बरोबर' आला नाही तर आदेश पूर्ण झाला नाही असं समजावं.

पीप

आयसीयूतून येणाऱ्या फोनमध्ये सगळ्यात निरुपयोगी वाक्य: 'नॉरअॅड सहाने चालू आहे.' नॉरअॅड म्हणजे रक्तदाब वाढवणारं नॉरअॅड्रिनॅलिन, पण सहा काय? ५० मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्राम घातलं असेल तर ताशी ६ मिलिलिटर म्हणजे मिनिटाला ८ मायक्रोग्राम, ६० किलोच्या रुग्णाला साधारण ०.१३ मायक्रोग्राम प्रति किलो प्रति मिनिट. त्याच सिरिंजमध्ये ८ मिलिग्राम असेल तर ०.२७. दोन रुग्णांच्या अवस्थेत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि वाक्य मात्र तेच. कायम मायक्रोग्राम प्रति किलो प्रति मिनिटात सांगा, सोबत पंपावरच्या लेबलचा फोटो.

एबीजीचंही (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) तेच. पीएओटू (त्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब) ७० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. साध्या हवेवर ७० असेल तर पी-एफ गुणोत्तर (पीएओटू भागिले एफआयओटू, म्हणजे श्वासातल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) ३३३, ५० टक्के ऑक्सिजनवर असेल तर १४०. नमुना कधी घेतला आणि त्या क्षणी एफआयओटू किती होता हे कागदाच्या कोपऱ्यात लिहा. सेटिंग बदलल्यानंतर घेतलाय की आधी, तेही.

व्हेंटिलेटरच्या पडद्याचा फोटो घ्याल तेव्हा मोड, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा), रेट, पीप (श्वास सोडल्यावर राखलेला दाब), एफआयओटू सगळं दिसू दे आणि प्लॅटो प्रेशर (श्वास क्षणभर थांबवून मोजलेला दाब) मोजून हाताने लिहा, ते आपोआप दिसत नाही. उंची विचारली की बरेच जण वजन सांगतात. टायडल व्हॉल्यूम उंचीवरून काढलेल्या वजनावर ठरतं. १६५ सेंटिमीटर उंचीच्या बाईंचं ते वजन ५७ किलो, किलोला ६ मिलिलिटरने ३४० च्या आसपास. त्यांचं खरं वजन ९० आहे म्हणून ५४० लावलं तर फुप्फुसाला इजा होते. म्हणून मोजपट्टीने उंची मोजूनच फोन करा.

मात्रा

एककांबद्दल थोडक्यात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १०६ ऐकून घाबरू नका, ते मायक्रोमोल प्रति लिटर असेल तर म्हणजे १.२ मिलिग्राम प्रति डेसिलिटर. गुणक ८८.४. ग्लुकोजचा १८. ट्रोपोनिन (हृदयाच्या इजेची तपासणी) ०.०५ नॅनोग्राम प्रति मिलिलिटर आणि ५० नॅनोग्राम प्रति लिटर एकच. रिपोर्टचा फोटो काढताना एकक आणि त्या प्रयोगशाळेची सामान्य मर्यादा हे दोन रकाने कापू नका.

त्वचारंग

त्वचेसाठी उलट आहे, व्हिडिओ जवळजवळ कुचकामी. चांगले स्थिर फोटो पाठवा, तज्ज्ञ सवडीने पाहील. तीन तरी हवेत: एक लांबून, पुरळ शरीरावर कुठे-कुठे आहे ते कळायला; एक मध्यम अंतरावरून, शेजारचा सांधा किंवा कान अशी ओळखीची खूण दिसेल असा; आणि एक जवळून, बाजूला मोजपट्टी ठेवून. खिडकीचा पसरट उजेड उत्तम, थेट ऊन नको. मागे साधं निळं किंवा हिरवं कापड. उंचवटा दाखवायचा असेल तर एक फोटो बाजूने. सावळ्या त्वचेवर लाली फोटोत हरवते, म्हणून शब्दांत लिहावंच लागतं: गरम लागतं का, दाबल्यावर रंग जातो का, खरखरीत की गुळगुळीत, दुखतं की खाजतं. आतापर्यंत कोणती मलमं लावली तेही. स्टेरॉइड लावून झालेलं नायट्याचं वर्तुळ ओळखू येत नाही.

सूक्ष्म

पॅथॉलॉजीत एक अडचण तुमच्या कुणाकडे नाही. सूक्ष्मदर्शकातून काढलेले पाच फोटो म्हणजे पाठवणाऱ्याने निवडलेल्या पाच जागा. ज्याला निदान सुचलं नाही त्याने निदानाची जागा कशी निवडावी? समोरचा तज्ज्ञ न पाठवलेल्या भागाबद्दल काहीच बोलू शकत नाही. पूर्ण काच स्कॅन केली, म्हणजे ४० पटीत पिक्सेलला साधारण पाव मायक्रॉन, तर फाइल जीबीच्या घरात जाते पण प्रश्न सुटतो. ती सोय नसेल तर स्क्रीन शेअर करून काच तज्ज्ञाच्या सांगण्यावरून हलवा. डोळे त्याचे, हात तुमचे.

तातडी

सोनोग्राफीलाही हेच लागू. स्थिर फोटोऐवजी काही ठोक्यांची क्लिप, आणि प्रोब कुठे, खूण कुठल्या दिशेला हे तोंडी सांगत.

स्पंदन

डिजिटल स्टेथोस्कोप वापरणाऱ्यांसाठी: व्हिडिओ कॉलची अॅप्स आवाजातला 'गोंगाट' गाळतात, आणि त्यांच्या लेखी हृदयाचे ठोके हा गोंगाटच असतो. मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) अर्धवट ऐकू येते किंवा गायब होते. सेटिंगमध्ये जाऊन गोंगाट-निवारण बंद करा, नाहीतर आवाज रेकॉर्ड करून फाइल पाठवा. ऐकणाऱ्याने चांगले हेडफोन लावायचे. हृदयाचे आवाज खालच्या पट्टीतले, फोनच्या छोट्या स्पीकरला ते पेलत नाहीत.

कागदपत्र

इतकं वाचून मूळ प्रश्नातला तिसरा भाग बाजूला पडतोय असं वाटलं. जाता-जाता विचारलेल्या सल्ल्याचं काय? २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास आहे. ४७ रुग्णांबद्दल आधी तोंडी, चालता-चालता सल्ला घेतला, मग त्याच रुग्णांना दुसऱ्या डॉक्टरने रीतसर तपासलं. ५१ टक्के वेळा तोंडी दिलेली माहिती चुकीची किंवा अपुरी निघाली आणि ६० टक्के वेळा उपचाराचा सल्ला बदलला. माझं मत, असे सल्ले बंदच करावेत.

पीप

बंद करून चालणार नाही. माणसं विचारायचीच थांबतील, आणि ते त्याहून वाईट. सीमारेषा आखा. 'मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल तर अमुक औषधाचा डोस कसा कमी करतात' हा पुस्तकी प्रश्न, तोंडी चालेल. 'या रुग्णाला देऊ का' म्हटलं की रीतसर सल्ला: नाव नोंदवा, कागद पाठवा, उत्तर लेखी घ्या.

कागदपत्र

ही सीमारेषा पटली. माझा 'बंद करा' मागे घेतो.

दुसरीबाजू

सगळे पाठवणाऱ्यालाच शिकवताहेत, म्हणून तज्ज्ञाच्या बाजूने लिहितो. उत्तर देणाऱ्याचीही कर्तव्यं आहेत. 'मी काय पाहिलं' ते लिहावं: दोन ईसीजी, एक एबीजी, रुग्ण प्रत्यक्ष पाहिलेला नाही. मग मत. मग जर-तर: 'पुढच्या अर्ध्या तासात लघवी ताशी ३० मिलिलिटरच्या खाली गेली किंवा सरासरी रक्तदाब ६५ च्या वर आला नाही तर पुन्हा फोन करा, सकाळची वाट पाहू नका.' आणि 'रुग्ण पुढे पाठवा' असं म्हणायचं असेल तर कशासाठी, किती वेळात, वाटेत काय चालू ठेवून, हे त्याच उत्तरात. 'क्लिनिकली कोरिलेट करा' (रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहा) एवढंच लिहून पाठवणं म्हणजे ज्याच्याकडे उत्तर नाही त्याच्याकडेच प्रश्न परत ढकलणं.

आणखी एक. रुग्णासमोर उभा असलेला डॉक्टर 'काहीतरी बरं वाटत नाहीये' म्हणाला तर आकडे चांगले असले तरी ते गंभीरपणे घ्या. त्याला रुग्णाचा घाम, धाप, डोळ्यांतली भीती दिसते. तुम्हाला फक्त पडदा दिसतो.

क्षकिरण

गोपनीयतेचं कुणी लिहिलं नाही. मेसेजमधून आलेला फोटो आपोआप गॅलरीत आणि तिथून घरच्या क्लाउडवर जातो, ते सेटिंग आधी बंद करा. डायकॉमच्या आत रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख असते, बाहेरचं नाव खोडून उपयोग नाही. डोक्याच्या पातळ स्लाइसपासून चेहराही परत उभा करता येतो. पण नाव पूर्ण काढलं तर दोन रुग्णांचे रिपोर्ट एकमेकांत मिसळायची भीती. म्हणून केस क्रमांक आणि वय अशा दोन खुणा प्रत्येक चित्रासोबत, आणि पूर्ण ओळख फक्त अधिकृत यंत्रणेवर.

अर्धांग

थोडं अवांतर, पण इथे शोभेल. न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली हेपटायटिस सी साठी एको प्रकल्प सुरू केला. तज्ज्ञ आणि गावोगावचे डॉक्टर ठरल्या वेळी व्हिडिओवर भेटतात, केस मांडतात, बाकीचे ऐकतात. २०११ च्या निष्कर्षात गावांतल्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के रुग्णांना अपेक्षित परिणाम मिळाला, विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के. एका केसचं उत्तर मिळतं ते वेगळंच, पण दहावी केस येईपर्यंत त्या डॉक्टरला फोन करावाच लागत नाही.

पहिलीघंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन प्रश्नांपैकी दोन सुटले. मिनिटांचा खेळ असेल तर फोन आणि सोबत चित्र. हालचाल पाहायची तर व्हिडिओ. बाकी लेखी प्रश्न आणि लेखी उत्तर. दोघांनीही आपापल्या बाजूला नोंद करायची आणि सल्ला मागणाऱ्याने ती केसपेपरवर वेळेसह चढवायची.

एक गाठ मात्र सुटली नाही. पाळी बदलली की सल्ला मागणारा घरी जातो. तज्ज्ञाने 'दोन तासांनी कळवा' सांगितलेलं असतं. दोन तासांनी कळवणार कोण?

रातपाळी

'कळवा' हा शब्दच नोंदीत नको. तिथे नाव आणि वेळ लिहा: '४.३० वाजता ड्यूटी डॉक्टर फोन करतील, ४.४५ पर्यंत फोन आला नाही तर तज्ज्ञ वॉर्डात करतील.' वॉर्डाचा लँडलाइन नंबर सल्ल्याच्या कागदावरच हवा, कुणाचा खासगी मोबाइल नको. आणि ही ओळ सिस्टरच्या हँडओव्हर वहीतही उतरवा. पाळी डॉक्टरांचीही बदलते आणि सिस्टरांचीही, पण वही बेडजवळच असते.

दुसरीबाजू

ते ४.४५ चं वाक्य मी उद्यापासून माझ्या उत्तराच्या नमुन्यात घालतोय. गजर तज्ज्ञाच्या फोनमध्येही लावायचा, फक्त वॉर्डात नाही.